दगडावरचा 'दा'

एजियन समुद्रातल्या एका बेटावर एकदा एक म्हातारा पाथरवट राहत होता. तो मूर्ती घडवीत नसे, देवळाचे खांबही घडवीत नसे. तो फक्त अक्षरे कोरीत असे. ग्रीकांच्या नगरांना त्या काळी लिहिण्याची नवी चटक लागली होती. कायदा भिंतीवर लिहीत, नवस देवळाच्या पायरीवर लिहीत, साध्या मातीच्या प्याल्यावरही लिहीत. आणि लिहीत ते असे, की ती वस्तूच बोलते आहे. 'मी अमक्याचा प्याला' असे प्याला स्वतः सांगे. थडग्यावरचा दगडही 'मी' म्हणे.

लोक तेव्हा मनातल्या मनात फारसे वाचीत नसत. अक्षरे दिसली की मोठ्याने म्हणत. त्यामुळे रस्त्याकडेच्या थडग्यापाशी थांबून कुणी वाटसरू वाचू लागला, की क्षणभर त्याच्याच तोंडून मेलेला माणूस 'मी' म्हणून बोले. वाटसरू निघून गेला की दगड पुन्हा मुका होई, दुसरा कुणी येईपर्यंत.

म्हाताऱ्याजवळ एक शिष्या होती, त्याच्या मुलीची मुलगी. मुलीच्या हाती छिन्नी देण्याची त्या बेटावर रीत नव्हती. परंतु म्हाताऱ्याला मुलगा नव्हता, डोळ्यांवर पडदा उतरू लागला होता, आणि ही पोर सात वर्षांची असल्यापासून संगमरवराच्या भुकटीत बोटाने अक्षरे काढीत बसे. शेजाऱ्यांनी नाके मुरडली तेव्हा म्हातारा एवढेच म्हणाला, "दगडाला विचारा. त्याची हरकत नसेल, तर माझी नाही."

आता ती एकोणीस वर्षांची होती. कामाची वाटणी ठरून गेली होती. म्हातारा दगडावर गेरूने अक्षरे काढी. मोठी अक्षरे त्याला अजून हाताच्या सवयीने काढता येत. शिष्या ती छिन्नीने कोरी. शेवटी कोरलेल्या रेघांत ती पुन्हा लाल रंग भरी.

त्या वर्षी वसंतात नगरसभेने बंदराचा कायदा कोरायला दिला. दुष्काळात कुणी धान्य बेटाबाहेर नेऊ नये, असे त्यात एक कलम होते. गेरूने लिहिताना म्हाताऱ्याकडून त्यातला नकाराचा 'न' सुटला. शिष्येने तो वेळीच पकडला. तिने पकडला नसता, तर दुष्काळात धान्य बाहेर नेणे हे बेटावरच्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरले असते! सभेतले बुजुर्ग हसले, म्हाताऱ्याने स्वतःचा कान पकडला, आणि भर सभेत सांगितले, "यापुढे हिचे डोळे ते माझे डोळे."

त्या दिवसापासून शिष्येच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली. बरोबर ते बरोबर. अक्षराच्या बाबतीत मागे-पुढे, असे-तसे, काही नसते. म्हातारी माणसे उगाच 'बघू', 'असू दे' म्हणत राहतात, कारण त्यांना धड दिसत नाही आणि कबूलही करवत नाही.

एके सकाळी दुकानाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. डोंगरापलीकडे कोळ्यांची एक वाडी होती, तिथून ती एका बैलगाडीमागून पायी आली होती. ती वाडी दक्षिणेकडच्या दुसऱ्या एका बेटावरून आलेल्या लोकांनी वसवली होती. तेही ग्रीकच, देव तेच, सण तेच. पण बोली निराळी. नगरातले लोक जिथे 'ए' म्हणत, तिथे वाडीतले लोक तोंड उघडून 'आ' म्हणत. आपल्याकडे कुणी 'पाणी' म्हणतो आणि कुणी 'पानी' म्हणतो, तसेच. आणि आपल्याकडे त्या एका अक्षरावरून माणसाचे घराणे, शाळा आणि लायकी जोखली जाते, तशीच तिथेही जोखली जाई. तिचे बोलणे मराठीत आणायचे, तर असेच आणावे लागेल.

"पोरी," ती बाई म्हणाली, "घोटभर पानी मिळंल का?"

शिष्येने पाणी दिले. पण तिच्या कानात त्या वाक्यातला फक्त 'न' राहिला.

पाणी पिऊन बाई उंबऱ्यावरच बसली. तिचा मुलगा व्यापाऱ्याच्या गलबतावर हमाल होता. मागच्या हिवाळ्यात गलबत बुडाले. काहींना लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकले. तिचा मुलगा आलाच नाही. दूर कुठे मेलेल्या माणसाला नाव घेऊन तीनदा हाक मारली, तर त्याचा जीव भटकत न राहता घरी येतो, अशी त्या लोकांची श्रद्धा होती.

"म्या तीनदा न्हाई, तीनशेदा मारली असंल," बाई म्हणाली. "पन म्या किती दिस पुरनार? म्हनून दगड पायजे. म्या गेले तरी येनारा-जानारा त्येचं नाव घेईल. वाडीनं मिळून दगड दिलाय, गाडीत हाय. तुमी फकस्त अक्षरं घाला."

"नाव काय त्याचं?" म्हाताऱ्याने विचारले.

"दामोफिलोस."

शिष्येने मनात ते लगेच दुरुस्त केले. देमोफिलोस. लोकांचा लाडका. चांगले, भारदस्त नाव होते. नगरातल्या दोन-तीन मोठ्या घरांत याच नावाची माणसे होती. ती लाकडी पाटीवर लिहून घेणार, एवढ्यात म्हाताऱ्याने हात आडवा केला.

"थांब. बाई, तो बाहेर खेळत असला आणि जेवण तयार झालं, की तू दारातून कशी हाक मारायचीस? तशी मार."

बाई बावरली. "हितं? येवढ्या लोकांत?"

"इथेच. जशी मारायचीस, तशी."

"आजोबा!" शिष्या दबल्या आवाजात म्हणाली. "तिचा मुलगा गेलाय. काय चालवलंय तुम्ही?"

बाई उठली. पदर नीट करावा तसे तिने खांद्यावरचे वस्त्र सारखे केले, रस्त्याकडे तोंड केले, आणि हाक मारली. दामोऽऽफिलोस! कोळ्यांच्या वाडीत समुद्राच्या आवाजावर मात करायला लागते, तेवढ्या मोठ्याने. समोरचा कुंभार चाक थांबवून पाहू लागला. त्याच्या गिऱ्हाइकांतल्या एकाने लगेच नक्कल केली, "दाऽऽमो!" आणि दोघे-तिघे खदखदले. बाईचे तिकडे लक्ष नव्हते. हाक संपली तरी ती सवयीने रस्त्याच्या वळणाकडे बघत राहिली होती.

म्हाताऱ्याने डोळे मिटले होते. "कळलं," तो म्हणाला. "पंधरा दिवसांनी आम्ही दगड घेऊन येऊ."

ती गेल्यावर शिष्येने गेरूची वाटी आपटली. "हे काय होतं? पाटीवर नाव लिहून घ्यायला माणसाला रडवावं लागतं का? अख्ख्या गल्लीसमोर तिचं हसं झालं!"

"हं," म्हातारा म्हणाला.

"हं काय? सांगा ना."

"कोरायला बसलीस की कळेल."

शिष्येच्या मते जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची ही एकच युक्ती होती. सांगायचे नाही, आणि न सांगण्यालाच खोल अर्थ आहे असा चेहरा करून बसायचे.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने गेरूने मजकूर काढला. मजकूर त्याने स्वतःच जुळवला होता. 'मी दामोफिलोस. समुद्राने मला ठेवून घेतले. वाटसरा, माझे नाव घे आणि सुखाने पुढे जा.'

शिष्या दगडापुढे बसली तेव्हा तिला पहिल्याच ओळीत ते अक्षर दिसले. 'दामो' असे लिहिले होते. त्यांच्या लिपीत स्वराला काना-मात्रा नसून वेगळे अक्षर असे, आणि 'आ' व 'ए' या दोन्ही अक्षरांना तीन-तीनच रेघा लागत. दोन काठ्या सरळ उभ्या आणि मध्ये आडवी, तो 'ए'. त्याच दोन काठ्या वरती डोक्याला डोके लावून उभ्या केल्या, की 'आ'. म्हाताऱ्याने काठ्या डोक्याला डोके लावून काढल्या होत्या.

चूक? बंदराच्या कायद्यातही त्याच्याकडून चूक झालीच होती. की मुद्दाम? मुद्दाम असेल, तर अधिकच वाईट. दगड हजार वर्षे उभा राहणार. शहाणीसुरती माणसे तो वाचणार आणि प्रत्येक जण त्या गल्लीतल्यासारखाच हसणार. त्या बाईला स्वतःला वाचता येत नाही. आपल्या मुलाच्या नावाला लोक का हसतात, हे तिला कधी कळायचेही नाही. शिष्येला तिची फार दया आली. या मुलाला जिवंतपणी कुणी धड काही दिले नसेल. निदान मेल्यावर त्याला नीट नाव तरी मिळावे.

दुपारी म्हातारा भिंतीला टेकून डुलक्या घेत होता. शिष्येने ओल्या फडक्याने ते एक अक्षर पुसले, गेरूने 'ए' काढला आणि कोरून टाकला. त्या दोन सरळ, उभ्या काठ्या तिने इतक्या सुबक कोरल्या की तिचे तिलाच समाधान वाटले.

म्हाताऱ्याने दगड तपासला नाही. भर सभेत तिच्या डोळ्यांना आपले डोळे म्हटल्यापासून त्याने तिचे एकही काम तपासले नव्हते.

पंधराव्या दिवशी बैलगाडीत दगड घालून दोघे डोंगरापलीकडे गेले. वाडीच्या वरच्या अंगाला, जिथून वाट बंदराकडे वळते आणि खाली सगळा समुद्र दिसतो, तिथे लोकांनी खड्डा खणून ठेवला होता. दगड उभा केला, माती दाबली, लोकरीच्या फिती बांधल्या. बाई दूध आणि मध कालवलेला वाडगा घेऊन दगडासमोर बसली. मुलाचा जीव आला, की ते मातीवर ओतून ती त्याला पाजणार होती.

म्हाताऱ्याचा एक नेम होता. दगड उभा राहिला की तो प्रथम परक्या माणसाकडून वाचून घ्यायचा. आपल्याला मजकूर पाठ असतो, म्हणून आपण दगड वाचत नाही, आठवतो. परका खरेच वाचतो, असे त्याचे म्हणणे. थोड्या वेळाने वाटेवरून एक मीठविक्या गाढव हाकत आला. नगरातलाच माणूस होता, बडबड्या. त्याला थांबवले.

"वाचतो की," तो म्हणाला. "वाचायला मीठ थोडंच लागतं." त्याने हात कमरेवर ठेवले आणि मोठ्याने, एकेक अक्षर जोडत वाचले, "मी... दे... मो... देमोफिलोस. समुद्राने मला ठेवून घेतले. वाटसरा, माझे नाव घे आणि सुखाने पुढे जा." वाचून झाल्यावर त्याने गंभीर होऊन मान लववली.

बाई वाडगा धरून तशीच बसली होती.

"वाच की, बाबा," ती म्हणाली.

"वाचलं की, मावशी."

"ते न्हाई. माझ्या पोराचं वाच."

मीठविक्याने एकदा दगडाकडे, एकदा म्हाताऱ्याकडे पाहिले. "तेच आहे हे. देमोफिलोस. लिहिलंय तसं वाचलं."

बाईने वाडगा जमिनीवर ठेवला.

"हे नाव म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "गलबतावर त्येला आसंच बोलवायचे. देमो, वझं उचल. देमो, दोर वढ. त्येनं आपलं नाव सांगितलं, की त्येच्या तोंडावर हासायचे. घरी आला की पोरगं भाकरी बाजूला सारायचं आन् म्हनायचं, आई, आधी मला येकदा माज्या नावानं बोलव." तिने दगडावरून हात फिरवला, कोणते अक्षर कोणते, ते तिला कळत नव्हते. "आता तो यायचा न्हाई. त्येला वाटंल, कुनीतरी कामालाच बोलावतंय."

वाडीतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हातारा कोळी मागून म्हणाला, "पाथरवटाचं डोळं गेलं म्हनत्यात. खरंच दिसतंय."

पाथरवटाने पुढे होऊन बोटाने पहिली ओळ चाचपली. बोट त्या अक्षरावर आले आणि थांबले. एक काठी सरळ, दुसरी काठी सरळ. त्याने तोंड फिरवले नाही, शिष्येचे नाव घेतले नाही.

"माझ्या दुकानात चूक झाली, बाई," तो म्हणाला. "दगड आम्ही परत नेतो. दुसरा देतो."

शिष्येला वाटले असते, तर ती तिथे गप्प उभी राहू शकली असती. म्हाताऱ्यावर आळ आलाच होता आणि त्याने तो मुकाट्याने घेतलाही होता. पण तिचा स्वभाव दुसऱ्यांच्या चुका मोठ्याने सांगण्याचा होता, आणि एवढे खरे की स्वतःच्या चुकीलाही तिने तोच न्याय लावला.

"त्यांचे डोळे गेलेले नाहीत," ती म्हणाली. सगळे तिच्याकडे पाहू लागले. "त्यांनी बरोबर लिहिलं होतं. मी पुसलं. मी बदललं."

"का गं?" बाईने विचारले. रागाने नव्हे. तिला खरोखरच कळले नव्हते.

"लोक हसतील म्हणून. त्या दिवशी गल्लीत हसले, तसे."

बाई म्हणाली, "हासू दे की, लेकी. हासनारा बी नाव तर घेतोच ना?"

शिष्येला आठवले, कुंभाराकडच्या त्या गिऱ्हाइकाने नक्कल करताना 'दाऽऽमो' असेच म्हटले होते. तो टवाळ माणूससुद्धा त्या मुलाला त्याच्या नावाने बोलावून गेला होता. सगळ्या नगरात ते नाव पुसणारी एकटी आपणच.

तिने पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली. "दगड परत न्यायला नको. तेवढी जागा खोल करून मी अक्षर पुन्हा कोरते. आत्ता कोरते."

ती दगडापुढे गुडघे टेकून बसली, इतक्यात म्हाताऱ्याने तिच्या हातातून छिन्नी काढून घेतली.

"आधी म्हण," तो म्हणाला.

"काय म्हणू?"

"त्याचं नाव."

"दामोफिलोस. झालं? द्या इकडे."

म्हाताऱ्याने बाईकडे तोंड केले. बाईने हळूच मान हलवली. नाही.

"आजोबा, अक्षर कोरायचंय मला, गायचं नाहीये!" शिष्या उसळून म्हणाली. "दोन काठ्या तिरप्या, एक आडवी. डोळे मिटून कोरीन."

"डोळे मिटूनच कोरलं होतंस," म्हातारा म्हणाला. "म्हण."

मीठविक्या गाढवाची दोरी झुडपाला बांधून खाली बसला होता. "म्हणा, म्हणा," तो म्हणाला. "माझं मीठ काही नासत नाही."

शिष्या म्हणाली. बाईने पुन्हा मान हलवली. "तुजा 'दा' घाईत हाय," ती म्हणाली. "तोंड उघड. आजून. घास घेताना उघडतीस तसं." शिष्येने तोंड उघडले. ज्या अक्षराला ती आजवर तोंड वाकडे करून हसली होती, ते तिच्या तोंडात नीट बसेना. कधी ते 'द्या' होई, कधी आखूड पडे. वाडीतली एक लहान मुलगी फिसकन हसली आणि तिने शिष्येला ते म्हणून दाखवले, अगदी सहज. दोन अक्षरे वाचता न येणारी दहा-बारा माणसे गोल करून उभी होती आणि नगरसभेने वाखाणलेल्या पाथरवटिणीला एक स्वर शिकवीत होती. तिचे कान तापले. तिने तरी सोडले नाही. चौथ्यांदा, सातव्यांदा, कितव्यांदा तरी ती म्हणाली, आणि बाईने मान हलवली नाही. तिने नुसतेच डोळे टिपले.

तेव्हा म्हातारा तिच्याजवळ खाली बसला.

"बंदराचा कायदा कोरलास," तो म्हणाला, "तेव्हा तुझं खरं होतं. कायदा कुणा एकाच्या तोंडचा नसतो. तो दहा बोलींच्या दहा माणसांनी वाचला, तरी एकच निघाला पाहिजे. तिथे एक अक्षर हललं, तर गरिबाचं धान्य जातं. पण हे नाव नगराचं नाही, पोरी. कुणीतरी एका दारात उभं राहून ते पहिल्यांदा म्हटलं, आणि एक मूल वळून बघायला शिकलं. ते वळून बघणं कोरायचं आपल्याला. ते कसं लिहायचं, हे तुला-मला नुसत्या अक्षरज्ञानाने ठरवता येत नाही. ज्याने हाक मारली, त्यालाच विचारावं लागतं."

मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आणि चुकलो मीही. तिला हाक का मारायला लावली, ते तू विचारलंस. मी सांगितलं नाही. म्हाताऱ्यांना वाटतं, न सांगता ठेवलं की शहाणपण मुरतं. ते मुरत नाही, नुसतं कुजतं. त्याची शिक्षा या बाईला झाली. असं पुन्हा होऊ नये."

शिष्येने त्याच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत हे वाक्य ऐकायला ती किती वेळा भांडली होती. आज ते मिळाले आणि ते घेऊन काय करावे, हे तिला कळेना. तिने फक्त हात पुढे केला. म्हाताऱ्याने छिन्नी दिली.

दगडात कोरलेले पुसता येत नाही. त्या अक्षराभोवतीचा चौकोन तासून आत न्यावा लागला, आणि त्या खळग्याच्या तळाशी नवे अक्षर कोरावे लागले. उन्हे डोक्यावर आली. वाडीतल्या बायकांनी जवाची भाकरी, कांदा आणि जैतुनाची फळे आणून दिली. शिष्येने घासाला हात लावला नाही. कोरताना ती तोंडाने ते अक्षर हलकेच म्हणत होती आणि त्याच लांबीने छिन्नी ओढत होती. नवे अक्षर पहिल्याइतके सुबक आले नाही. इतर अक्षरांच्या रांगेतून ते जरा आत गेले होते, उंबऱ्याच्या आत उभ्या असलेल्या माणसासारखे. तिने त्यात लाल रंग भरला आणि ती मागे सरकली.

म्हाताऱ्याने नेमाप्रमाणे मीठविक्याला हाक मारली. तो कपडे झाडत उठला. पण बाईने त्याला हातानेच थांबवले.

"हिला वाचू दे," ती म्हणाली.

"मी परकी नाही आता," शिष्या म्हणाली. "मला पाठ आहे."

"म्हनून तर."

शिष्या दगडासमोर उभी राहिली. तिने आजवर शेकडो 'मी' कोरले होते, तोलून, मापून, रेघ सुताला लावून. त्यांतला एकही तिने कुणाच्या आईसमोर उच्चारला नव्हता. खाली समुद्र शांत होता. ती दगडाकडे तोंड करून, बाईकडे पाठ करून, सावकाश वाचू लागली.

"मी दामोफिलोस."

मागे दूध मातीवर ओतल्याचा आवाज आला.

"आलास व्हय, रे," बाई म्हणाली. "किती उशीर केलास. बस."

शिष्येने मागे वळून पाहिले नाही. तो आवाज माझा होता, असे सांगण्याची तिला गरज वाटली नाही. ती तिथेच, दगडाला खेटून, मातीत बसली.